दीड इंचाच्या कार्डावर कोण?

दोस्तांनो, हा लेख सिगारेटच्या पाकिटातून निघणाऱ्या चित्रांवर आहे. त्यातही बॉक्सिंग करणाऱ्यांच्या चित्रांवर. मागच्या बैठकीत मी हा विषय काढला तर एकजण म्हणाला, वस्तीत नळाला पाणी नाही आणि हा साहेबलोकांची कार्डं जमवतोय. बरोबर आहे त्याचं. पाणी नाहीच. पण मी कार्डांकडं गेलो नव्हतो. कार्डं माझ्याकडं आली, तीही रद्दीतून. कशी ते आधी सांगतो, मग शिव्या घाला.

मी कशेळ्याचा. पहाटे कर्जत गाठायचं, तिथून खोपोलीची लोकल. खोपोलीच्या पट्ट्यातल्या एका कागदाच्या मिलमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली मी रद्दी निवडतो. शाळेत शिकवलं होतं की कागद झाडापासून होतो. आमच्याकडं कागद कागदापासूनच होतो. अमेरिका, इंग्लंड कुठून कुठून तारेनं आवळलेले गठ्ठे येतात. तार तोडली की एका अख्ख्या मुलखाचं घर अंगावर कोसळतं. खाण्याचे खोके, पोरांच्या वह्या, बँकेची पत्रं, चर्चमधली गाणी, लग्नाची आमंत्रणं. प्लास्टिक, तारा, चिंध्या बाजूला काढायच्या आणि बाकीचं पल्परच्या टाकीत लोटायचं. थोड्या वेळात लगदा. मग त्यात राजाचं पत्र होतं की वाण्याची यादी, कुणी सांगू शकत नाही.

माझं इंग्रजी याच ढिगाऱ्यातलं. शाळा दहावीला सुटली. डिक्शनरी रद्दीत सापडली, तिची सुरुवातीची पानं फाटलेली होती. म्हणून ए अक्षराचे शब्द माझे आजही कच्चे आहेत.

तीन वर्षांपूर्वी एका गठ्ठ्यातून गुळगुळीत कागदाचं लिलावाचं पुस्तक निघालं. अर्धं भिजलेलं. एका पानावर दहा माणसांची रंगीत चित्रं, उघडी छाती, मुठी आवळलेल्या, मिशा पीळ दिलेल्या. खाली किमती. एका बोटभर पुठ्ठ्याची किंमत माझ्या कितीतरी महिन्यांच्या मजुरीइतकी. मी ते पान दुमडून बनियनमध्ये घातलं. गेटवर झडती झाली. अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली. पान मात्र मुकादमानं हसत परत दिलं, म्हणाला नागडी बाई असती तर समजलो असतो, हे पैलवान कशाला रे तुला?

कशाला, ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

आता त्या पानावर काय होतं ते सांगतो. चित्र छापायची सोय आपल्या अंकात नाही, तेव्हा शब्दांवर भागवा. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात रिचमंड नावाचं शहर आहे. तिथल्या ॲलन अँड गिंटर या सिगारेट कंपनीनं 1887 साली 'जगज्जेते' नावाचा 50 कार्डांचा संच काढला. एक कार्ड दीड इंच रुंद, पावणेतीन इंच उंच. पांढऱ्या जमिनीवर माणसाचं रंगीत चित्र, खाली नाव, मागं सगळ्या 50 जणांची यादी, म्हणजे कोण मिळालं आणि कोण राहिलं ते पोराला कळावं. बेसबॉलवाले 10, बॉक्सर 10, बाकी नावाडी, कुस्तीगीर, नेमबाज, बिलियर्डवाले. नेमबाजांत ॲनी ओकली नावाची एक बाई पण आहे. कुस्तीगीरांत एक जपानी आहे. बॉक्सरांत जॉन एल. सलिव्हन पहिला, मग जेक किलरेन, चार्ली मिचेल, जॅक डेम्प्सी वगैरे. दहाच्या दहा गोरे.

कार्ड पाकिटात का घालत, तर पाकीट मऊ कागदाचं, खिशात चेपून सिगारेट मोडायची. टेकू म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा. तो कोराच का ठेवायचा म्हणून त्यावर जाहिरात, मग चित्र, मग नंबर घातलेला संच. संच पुरा करायचा तर पुढचं पाकीट घ्यायलाच पाहिजे. बाप ओढायचे आणि पोरं कार्डं मागायची. माझा बाप लहानपणी काडेपेटीचे छाप आणि सिगारेटची पाकिटं जमवून खेळायचा, त्याचंच हे मोठं भावंडं समजा. छपाई दगडावरची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, रंगावर रंग चढवत जायचं. आपल्याजवळ घाट चढून गेलं की लोणावळ्यापुढं मळवलीला रविवर्मा प्रेस होता, 1972 च्या आगीत गेला, तिथं हेच तंत्र होतं. ज्यांना देवळाची पायरी बंद होती त्यांच्या भिंतीवर देव तिथून आले. हा पण एक इतिहास आहे, आणि त्यात आपला फायदा झाला की देवाचा, यावर कुणीतरी स्वतंत्र लिहा.

रिचमंडकडं परत येतो. ते शहर म्हणजे गुलामी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या राज्यांची राजधानी. व्हर्जिनियाचा तंबाखू दोनशेच्या वर वर्षं काळ्या गुलामांनी लावला, खुडला, वाळवला. 1865 साली गुलामी कायद्यानं संपली. त्यानंतर अवघ्या 22 वर्षांनी त्याच शहरातली कंपनी त्याच पानाच्या विड्या गुंडाळून जगातले 10 मोठे बॉक्सर छापते आणि त्यात एकही काळा नाही. पान पिकवणारा काळा. चित्रातला माणूस गोरा. काळ्यांची चित्रं तंबाखूच्या जाहिरातींत नव्हती असं नाही हां. भरपूर होती. ओठ सुजवलेले, डोळे वटारलेले, माकडचाळे करणारे. हसायला काळा चालायचा. जगज्जेता म्हणून चालत नव्हता.

मग काळे बॉक्सर नव्हतेच का? इथून मी खोदायला लागलो, आणि दोस्तांनो, मला जे सापडलं त्यानं माझी झोप उडवली.

पहिला टॉम मॉलिनो. व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मला असं सांगतात. इंग्लंडात आला, बिल रिचमंड नावाच्या दुसऱ्या काळ्या मुष्टियोद्ध्यानं त्याला तयार केलं. 18 डिसेंबर 1810 ला पावसात, गारठ्यात, उघड्या मुठींनी तो इंग्लंडचा जेता टॉम क्रिब याच्याशी लढला. ऐन रंगात आल्यावर गर्दी रिंगणात घुसली. क्रिबला श्वास घ्यायला उसंत मिळाली आणि मॉलिनोची जीत हुकली असं आजवर लिहिलं जातं. 1811 च्या सप्टेंबरमध्ये परत लढला, हरला. मेला 4 ऑगस्ट 1818 ला आयर्लंडमध्ये गॉलवे गावात, कंगाल, एका पलटणीच्या बँडवाल्यांच्या खोलीत. 1818 म्हटलं की आपल्याला दुसरं काय आठवतं ते सांगायला नको. त्या वर्षाच्या पहिल्या तारखेला भीमेच्या काठी आपली माणसं पडली. त्यांची नावं खांबावर कोरली गेली. मॉलिनोसाठी तेव्हा कुणी खांब उभारला नाही.

दुसरा जॉर्ज डिक्सन. कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा, हाडकुळा, हलक्या वजनाचा. 1890 साली लंडनमध्ये जिंकून जगज्जेता झाला. जगज्जेता झालेला पहिला काळा तो. आणि तिसरा पीटर जॅक्सन. या माणसाचं चित्र मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलंय.

पीटर जॅक्सन 1861 च्या सुमारास वेस्ट इंडीजमधल्या सेंट क्रॉय बेटावर जन्मला. बेट तेव्हा डेन्मार्कचं. गुलामी तिथं 1848 ला उठली, ती पण गुलामांनी बंड केल्यावर. पोरगा जहाजावर लागला, ऑस्ट्रेलियात उतरला, सिडनीत लॅरी फोलीच्या आखाड्यात शिकला. 1886 मध्ये ऑस्ट्रेलियाचा हेवीवेट जेता. 1888 मध्ये अमेरिकेत आला. जगज्जेता सलिव्हन समोर होता. जॅक्सननं आव्हान दिलं. सलिव्हन म्हणाला, काळ्याशी लढणार नाही. इतकंच. हरलो तर काय, पडलो तर काय, हा प्रश्नच यायला नको म्हणून रिंगणाच्या दोरीआधी अजून एक दोरी. इंग्रजीत तिला कलर लाईन म्हणतात. आपल्याकडं तिला नाव लागत नाही, ती जन्मल्याबरोबर पायाखाली असते.

21 मे 1891 ला सॅन फ्रान्सिस्कोत जॅक्सन जिम कॉर्बेटशी लढला. 61 फेऱ्या. चार तास. दोघंही हात उचलू शकत नव्हते तेव्हा पंचानं लढत थांबवली, निकाल नाही. (बाबासाहेब तेव्हा महूच्या छावणीत सव्वा महिन्याचे होते. सहज आठवलं म्हणून लिहिलं.) ज्या कॉर्बेटला जॅक्सन हरवू शकला नाही आणि जो जॅक्सनला हरवू शकला नाही, त्याला पुढच्याच वर्षी सलिव्हननं मैदान दिलं. जॅक्सनला नाही. कॉर्बेट जगज्जेता झाला आणि त्यानंही जॅक्सनला परत कधी मैदान दिलं नाही.

आता 1892 हे साल जरा नीट बघा. 30 मे ला लंडनमध्ये जॅक्सननं फ्रँक स्लॅविनला दहाव्या फेरीत लोळवलं. 7 जूनला अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात होमर प्लेसी नावाचा माणूस गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसला म्हणून पकडला गेला. त्याच खटल्यावर 1896 साली त्यांच्या सुप्रीम कोर्टानं काळ्यांना वेगळा डबा कायदेशीर ठरवला. त्याच न्यू ऑर्लिन्समध्ये 6 सप्टेंबरला जॉर्ज डिक्सन जॅक स्केली नावाच्या गोऱ्याशी लढला. डिक्सनच्या आग्रहावरून काळ्या प्रेक्षकांसाठी 700 जागा ठेवल्या होत्या, अर्थात वेगळ्या. आठव्या फेरीत स्केली आडवा. त्या 700 जणांनी काय जल्लोष केला असेल! आणि क्लबनं काय केलं? काळ्या-गोऱ्यांच्या लढती बंद केल्या. डिक्सन जिंकला म्हणून दार लावलं. हरला असता तर उघडं राहिलं असतं. दुसऱ्या दिवशी 7 सप्टेंबरला त्याच क्लबात सलिव्हन कॉर्बेटकडून हरला.

आणि आपल्याकडं? 1892-93 च्या सुमारास इंग्रज सरकारनं महारांची लष्करातली भरती बंद केली. ज्या पलटणींत महार पिढ्यान् पिढ्या लढले, सुभेदार झाले, त्याच पलटणींना अचानक साक्षात्कार झाला की काही जाती लढाऊ आणि काही नाहीत. आपल्याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः लष्करातून पेन्शन घेऊन आलेले, त्यांनी 1894 साली याविरुद्ध अर्ज तयार केला. सालं जुळली म्हणजे काही सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. सलिव्हनला महू माहीत नव्हतं आणि लष्कराच्या साहेबाला डिक्सन. पण डाव एकच. मैदानात हरवता येत नसेल तर मैदानात येऊच द्यायचं नाही. मग वीस वर्षांनी म्हणायचं, बघा यांच्यात एक तरी लढवय्या आहे का?

हे नुसतं बोलणं नाही, याचंही कार्ड आहे. इंग्लंडच्या विल्स कंपनीची 'सिझर्स' सिगारेट हिंदुस्थानात गोऱ्या सोल्जरांत खपायची. तीच कैची छाप, आपले म्हातारे नाव काढतात ती. तिच्या पाकिटात 1911 च्या सुमारास बॉक्सरांची कार्डं निघाली, आणि 1912 च्या सुमारास हिंदी पलटणींची. शीख, गुरखा, पठाण, डौलदार फेटे, लखलखते तलवारीचे मुठे. महार त्यात कुठून असणार? भरती बंद होऊन वीस वर्षं झाली होती. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 ला महारांची पलटण उभी केली, गरज सरल्यावर 1921 ला मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात. त्यामागं बाबासाहेबांनी किती जोर लावला ते आपण जाणतो.

जॅक्सनकडं परत येऊ, कारण त्याचा शेवट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. लढायला कुणी मिळेना तेव्हा 1893 मध्ये त्याला नाटकात उभं केलं. नाटक 'अंकल टॉम्स केबिन', भूमिका टॉमची. म्हणजे सोसणाऱ्या, मालकाच्या हातून मरणाऱ्या गुलामाची. ज्याच्यासमोर यायला जगज्जेता कचरला, त्या माणसानं रोज संध्याकाळी तिकीट लावून मार खायचा! मी हे वाचलं त्या रात्री एक कविता लिहिली आणि फाडून टाकली. राग फार होता, कविता नव्हती. 1898 मध्ये, अंग खचलेलं असताना तो जिम जेफ्रीजशी लढला, तिसऱ्या फेरीत संपला. 13 जुलै 1901 ला ऑस्ट्रेलियातल्या रोमा गावी क्षयानं गेला. वय चाळीस. ब्रिस्बेनला त्याची कबर आहे, लोकांनी वर्गणी काढून बांधलेली, तिच्यावर शेक्सपिअरच्या नाटकातले शब्द कोरलेत. त्या शब्दांत त्याला फक्त माणूस म्हटलंय. चवदार तळ्यावर आपण दुसरं काय मागत होतो?

पुढं जॅक्सन, डिक्सन यांचीही कार्डं निघाली. कंपनी काही सुधारली नव्हती. नाव झालं की माल खपतो एवढंच. 26 डिसेंबर 1908 ला जॅक जॉन्सन सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून पहिला काळा हेवीवेट जगज्जेता झाला. 4 जुलै 1910 ला त्यानं रेनो गावात त्याच जेफ्रीजला हरवलं, आणि त्या रात्री अमेरिकेच्या शहराशहरांत काळ्यांवर हल्ले झाले, माणसं मेली. त्याच सुमाराला जॉन्सनचं चित्र सिगारेटच्या पाकिटातून निघत होतं. खिशात काळ्याचं चित्र आणि हातात दगड. 1913 मध्ये सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं एका गोऱ्या बाईच्या संबंधावरून त्याला दोषी ठरवलं, जूनमध्ये तो देश सोडून पळाला. पुढच्याच महिन्यात, जुलै 1913 ला, बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. म्हणजे बाबासाहेब कोलंबियाच्या लायब्ररीत वाचत बसले होते तेव्हा जगातला सगळ्यात मोठा बॉक्सर काळा होता आणि त्याला स्वतःच्या देशात पाय ठेवता येत नव्हता. जॉन्सनला माफी मिळाली 2018 साली. मेला होता 1946 ला.

आपल्याकडचा पी. बाळू आठवा. चांभाराचा पोरगा, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 विकेट काढल्या, आणि कप्तानकी त्याला कधी मिळाली नाही. पुढं 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यालाच बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेब जिंकले. बाळूवर मी शिवी देऊन मोकळा होत नाही, जॅक्सनला टॉम करणारे इथंही होते.

आता जमवण्याविषयी. खरी कार्डं माझ्याकडं एकही नाही, माझ्या सात पिढ्यांत ती परवडणार नाहीत. माझी वही म्हणजे रद्दीतली कात्रणं, मोबाईलवर बघून हातानं काढलेली काही चित्रं, आणि बाजूला माहिती. पण ही गोष्ट शेठलोकांची नाही हे मला जेफरसन बर्डिकनं शिकवलं. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरात विजेच्या सामानाच्या कारखान्यात तो सुटे भाग जोडायचा. आपल्यासारखाच हातावर पोट असलेला. त्यानं कचरा समजली जाणारी ही कार्डं जमवली, 1939 मध्ये त्यांची यादी छापली, प्रत्येक संचाला नंबर दिला. आज लिलावात शेठ लोक तेच नंबर घोकतात. संधिवातानं बोटं वाकडी झाली होती. 1947 पासून त्यानं आपला साठा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला घेतला, स्वतः बसून वह्यांत चिकटवला, तीन लाखांवर तुकडे. जानेवारी 1963 ला काम संपवलं, मार्चमध्ये मेला. त्यानं ते केलं नसतं तर जॅक्सनचं कार्ड कुठल्या तरी पल्परमध्ये गेलं असतं, आणि ढकलणारा माझ्यासारखाच कुणी असता.

माझ्या वहीचा दुसरा भाग बिड्यांच्या छापांचा आहे. बंडलावरचा तो पातळ कागद. त्यावर वाघ, पोपट, देवी, मालकाचा फोटो. वळणाऱ्या बाईचं चित्र मला अजून दिसलेलं नाही. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी विदर्भातल्या बिडी कामगारांना एकत्र केलं. 'जय भीम' म्हणायला आपल्याला त्यांनी शिकवलं. 1937 ला निवडून आले आणि 12 जानेवारी 1939 ला क्षयानं गेले, 35 व्या वर्षी. जॅक्सनला क्षय, हरदासांना क्षय, बिडी वळणाऱ्या घरांत क्षय. तंबाखू कुणाच्या छातीत जातो आणि नफा कुणाच्या खिशात, यावर कुठली कंपनी कार्ड काढणार?

परवा वही उघडी होती, आजी शेजारी येऊन बसली. तिला डोळ्यानं कमी दिसतं. जॅक्सनच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो कोन रं? आपल्यातला वाटतो."

मी म्हटलं, "आजे, लांबचा हाय. दर्यापल्याडचा."

"मग? तुझा पणजा बी दर्यापल्याड गेलता, लढाईला. त्याचा कागुद होता पत्र्याच्या डब्यात. कुजला पावसात. तू लहान हुतास."

मला हे माहीत नव्हतं. घरात पणजाचा लष्कराचा कागद होता, आणि मी दर्यापल्याडची रद्दी चाळत बसलो होतो. ती पहिल्या लढाईत गेला की दुसऱ्या, हे आजीला सांगता येत नाही, आणि विचारायला दुसरं कुणी उरलेलं नाही. वहीत त्याच्यासाठी एक पान सोडलंय. त्यावर फक्त नाव आहे.

तेव्हा दोस्तांनो, कर्जत, खालापूर, महाड, कुठंही असाल, घरात जुन्या पेट्या उघडा. डिस्चार्जचे कागद, पेन्शनची बुकं, आखाड्यातले फोटो, समता सैनिक दलाचे बिल्ले, जलशाचे हँडबिल, बिडीचे छाप, जे असेल ते रद्दीवाल्याला घालण्याआधी एकदा मला दाखवा. मी ते घेणार नाही, उतरवून घेईन आणि परत देईन. सुट्टीच्या दिवशी मी कशेळ्यातच, वस्तीतल्या विहारात असतो. पाऊस सुरू व्हायच्या आत या. जय भीम.